तिथी, पावती आणि १०बीडी: पंचवटीतील एका न्यासाने ऑनलाइन देणगीसाठी पेमेंट सेवा कशी निवडली

पार्श्वभूमी

नाशिकच्या पंचवटी भागातला हा न्यास सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांचे वसतिगृह चालवतो. नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली झालेली. आयकराच्या १२एबी (न्यासाच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) या दोन्ही नोंदण्या चालू, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. ओळख पटू नये म्हणून नाव वगळले आहे आणि काही रकमा बदलल्या आहेत. प्रकरण २०२३-२४ चे आहे, त्यामुळे आयकराची कलमे १९६१ च्या कायद्यातली समजावीत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात क्रमांक वेगळे आहेत.

न्यासाचा मोठा आधार तिथी-अन्नदानाचा. वडिलांच्या किंवा आईच्या तिथीला मुलांना एक वेळचे जेवण द्यायचे ₹३,५०० आणि ‘कायम तिथी’साठी एकदाच द्यायचे ₹५०,०००. ही दुसरी रक्कम कायम निधीत जाते, ठेवीत राहते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या तिथीचे जेवण होते. पितृपक्षात रामकुंडावर श्राद्ध उरकून थेट कार्यालयात येणारे देणगीदार बरेच. पूर्वी पावतीपुस्तक पुरत असे. पुढे बँकेने दिलेला क्यूआर फलक जेवणघराच्या दारावर लागला, मग तोच क्यूआर संकेतस्थळावर आला.

अडचण नेमकी कुठे होती

क्यूआरवर पैसे यायला काहीच अडचण नव्हती. खर्च शून्य, रक्कम लगेच खात्यात. अडचण मे २०२३ मध्ये उघडी पडली. ८०जी असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि त्यातूनच देणगीदाराचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १०बीई, तयार होते. हाताने लिहिलेली पावती त्यानंतर वजावटीला पुरत नाही. १०बीडीत देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार, मिळाल्याचा मार्ग आणि रक्कम एवढे सगळे लागते. बँकेच्या उताऱ्यात मात्र होते काय? बारा आकडी संदर्भ क्रमांक, यूपीआय आयडी आणि कधी अर्धवट कापलेले नाव.

बाकी माहिती व्यवस्थापकांच्या फोनवर व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये विखुरलेली होती. कोणी फक्त ‘पैसे पाठवलेत, पाहून घ्या’ एवढेच लिहिलेले, कोणी पॅनचा फोटो तिसऱ्या दिवशी पाठवलेला. खजिनदार आणि हिशेबनीस एकेक जमा हुडकत बसले. उशिराला दिवसाला ₹२०० शुल्क आहे आणि विवरण चुकवल्यास ₹१०,००० ते ₹१,००,००० दंड होऊ शकतो, म्हणून मुदत गाठली, पण ज्यांचा ओळख क्रमांक मिळालाच नाही अशा देणग्या बाहेर राहिल्या. जूनमध्ये त्या देणगीदारांचे फोन सुरू झाले.

दुसरा धोका कमी दिसतो, पण जास्त महाग पडतो. ज्या देणगीदाराचे नाव आणि पत्ता संस्थेकडे नाही ती देणगी निनावी ठरते. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा ₹१ लाख, यांपैकी जी रक्कम मोठी, तिच्यापुढच्या निनावी देणगीवर कलम ११५बीबीसीप्रमाणे ३० टक्के कर लागतो. दानपेटीसाठी ही सवलत पुरते. क्यूआरवरच्या बेनाव जमाही त्यात मिसळल्या की पुरेलच असे नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत विषय मांडला गेला तो ‘सर्वांत स्वस्त पेमेंट गेटवे कोणता’ असा. प्रश्न चुकीच्या टोकाने धरला होता. पैसे येतच होते. त्यांच्यासोबत माणसाची माहिती येत नव्हती.

कोणते पर्याय पाहिले

पहिला पर्याय, क्यूआर तसाच ठेवून शेजारी गूगल फॉर्म जोडायचा. खर्च नाही, पण पैसे एका वाटेने आणि माहिती दुसऱ्या वाटेने येणार. फॉर्म भरून पैसे न देणारे आणि पैसे देऊन फॉर्म न भरणारे, दोघेही उरतात. तो लगेच बाजूला पडला.

दुसरा, न्यासाच्या बँकेचा स्वतःचा गेटवे (सेवा अ). कार्डाचा दर कमी, पण वार्षिक शुल्क आणि साइटला जोडायचे तांत्रिक काम न्यासाच्याच अंगावर. तिसरा, रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली पेमेंट ॲग्रीगेटर सेवा, म्हणजे अनेक संस्थांचे पैसे गोळा करून त्यांच्या खात्यात पोहोचवणारी मधली कंपनी (सेवा ब): वार्षिक शुल्क नाही, सरसकट २ टक्के अधिक १८ टक्के जीएसटी, आणि कोड न लिहिता तयार होणारे देणगीचे पान. चौथा, फक्त देणग्यांसाठीचा मंच (सेवा क). तो ८०जी पावती स्वतःच बनवून देतो, पण त्याचा वाटा जास्त. शिवाय देणगीदारांची यादी प्रत्यक्षात मंचाच्या हातात राहते. पुढे मंच बदलायचा झाल्यास दरमहा देणाऱ्यांची संमती नव्याने घ्यावी लागली असती, हे क नाकारण्याचे मुख्य कारण ठरले. ज्या संस्थेकडे हिशेबनीसच नाही तिने मात्र क चा विचार जरूर करावा.

बाजारातली एक परिस्थितीही आड आली. २०२३ च्या उन्हाळ्यात काही मोठ्या ॲग्रीगेटर सेवा रिझर्व्ह बँकेच्या अंतिम परवान्याची वाट पाहत होत्या आणि तोवर त्यांना नवे व्यापारी जोडून घेता येत नव्हते. ज्या सेवेचे नाव एका विश्वस्तांनी आधीच ठरवून टाकले होते ती याच यादीत निघाली. कोणत्या सेवेला परवानगी आहे याची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. दरपत्रक मागवण्याआधी ती पाहायची, हा क्रम तिथून पक्का झाला.

दर: दिसतो तो आणि पडतो तो

२ टक्क्यांवर जीएसटी धरला की २.३६ टक्के होतात. न्यास जीएसटीत नोंदलेला नाही, म्हणजे भरलेला कर परत वळता होत नाही. तो खर्चच.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून बँक कापते ती फी, शून्य आहे. पण एमडीआर शून्य म्हणजे मधल्या सेवेची फी शून्य, असे नाही. ॲग्रीगेटर आपले तांत्रिक शुल्क यूपीआयवरही लावू शकतो आणि सेवा ब च्या छापील दरात ते होते. उदाहरणादाखल, महिन्याला ₹१ लाख आले आणि त्यांतले ₹७०,००० यूपीआयने असले, तर सरसकट दराने कपात ₹२,३६०. यूपीआय मोफत करून घेतले तर उरलेल्या ₹३०,००० वर ₹७०८. नोंदणीची कागदपत्रे आणि ८०जीचा आदेश जोडून धर्मादाय संस्थेसाठीचा दर लेखी मागितला आणि सेवा ब ने यूपीआयचे शुल्क काढले. न मागणाऱ्याला तो दर कोणी आपण होऊन सांगत नाही.

सेवा अ चा हिशेब असा मांडला: वार्षिक शुल्क ₹६,०००, जीएसटीसह ₹७,०८०. कार्ड आणि नेटबँकिंगचा दर ब पेक्षा ०.४ टक्क्याने कमी, म्हणजे करासह ०.४७२ टक्के. हे शुल्क भरून निघायला वर्षाला ₹१५ लाखांच्या देणग्या कार्ड किंवा नेटबँकिंगने यायला हव्यात. न्यासाकडे त्याच्या जवळपासही येत नव्हत्या. अ चा विषय संपला.

निर्णय: तिथीला ऑटोपे चालत नाही

सर्वांत लांबलेली चर्चा दराची नव्हती, तिथीची होती. ‘दरवर्षी आपोआप कपात’ ही सोय सगळ्या सेवा दाखवतात आणि ती पाहून दोन विश्वस्त खूश झाले. यूपीआय ऑटोपेमध्ये वार्षिक संमती घेता येते, ₹१५,००० पर्यंत दर वेळी पिन लागत नाही आणि कपातीच्या निदान २४ तास आधी देणगीदाराला सूचना जाते. पण वार्षिक संमती इंग्रजी तारखेला बांधलेली असते. सर्वपित्री अमावास्या २०२२ मध्ये २५ सप्टेंबरला होती, तर २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे १४ ऑक्टोबरला. २५ सप्टेंबरला पैसे कापून जेवण १४ ऑक्टोबरला घातले तर देणगीदाराला ते रुचणार नाही. शिवाय चुकीच्या दिवशी आलेला कपातीचा संदेश पाहून तो संमतीच रद्द करतो.

ठरले ते असे. तिथीच्या देणगीला ऑटोपे नाही. हिशेबनीस गुढीपाडव्याला पंचांग घेऊन त्या वर्षाच्या सगळ्या तिथ्यांच्या तारखा शीटमध्ये भरतील आणि प्रत्येकाला पंधरा दिवस आधी नाव व स्मरणार्थाचा मजकूर भरलेली पेमेंट लिंक जाईल. मासिक ₹५०० किंवा ₹१,००० देणाऱ्यांसाठी मात्र ऑटोपे ठेवला. त्याची तारीख १ न ठेवता ७ ठेवली, कारण पगार जमा होण्याआधी कपात गेली तर शिल्लक नाही म्हणून ती फसते आणि दोन-तीनदा फसली की देणगीदार नाद सोडतो.

कायम तिथीचे पैसे वेगळे हाताळावे लागतात. रक्कम कायम निधीत धरायची तर देणगीदाराचा तसा स्पष्ट लेखी निर्देश हवा आणि ती आयकराच्या कलम ११(५) मध्ये सांगितलेल्या गुंतवणुकीच्या मार्गांनीच गुंतवून वेगळी ठेवायला हवी. म्हणून पानावर ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ अशी स्वतंत्र खूण ठेवली, आधीपासून भरलेली नव्हे, देणगीदाराने स्वतः करायची. ₹५०,००० कार्डाने आले तर बँकेत ₹४८,८२० पोहोचतात. निधीत ₹५०,००० च दाखवायचे आणि ₹१,१८० सर्वसाधारण खात्यातून भरून ठेव पूर्ण रकमेची करायची, असे सीएंनी लिहून दिले. मोठ्या रकमेच्या देणगीदाराला नम्रपणे एनईएफटी सुचवायचे, हेही त्यातच.

निर्णय: परदेशातून येणारी देणगी

अमेरिकेत नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी कार्डाने मोठी रक्कम द्यायला तयार होता. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही आणि नोंदणी असली तरी ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या विशेष खात्यातच यावे लागतात. नेमका मुद्दा नागरिकत्वाचा आहे, राहण्याच्या जागेचा नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परदेशी अंशदान ठरत नाही. तोच माणूस अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला मिळते ते) असूनही तो परदेशी स्रोत.

त्यामुळे सेवेच्या सेटिंगमध्ये आंतरराष्ट्रीय कार्डे बंद केली, पानावर ‘मी भारतीय नागरिक आहे’ ही सक्तीची खूण घातली आणि परदेशी पत्ता दिसल्यास पावतीआधी पासपोर्टची प्रत मागायचे ठरले. आंतरराष्ट्रीय कार्डे बंद केल्याचा आणखी एक फायदा आहे. चोरलेली कार्डे चालतात का हे तपासायला ठग देणगीची पाने वापरतात, कारण तिथे हवी ती छोटी रक्कम टाकता येते. देशातल्या कार्डाला ओटीपी लागतो, परदेशी कार्डाला बहुतेकदा लागत नाही. या विद्यार्थ्याकडे भारतीय पासपोर्ट निघाला आणि त्याने आपल्या एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या खात्यातून, पैसे दिले.

केवायसीत काय अडले

न्यासपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, न्यासाचा पॅन, १२एबी व ८०जीचे आदेश, रद्द केलेला धनादेश, विश्वस्तांचा ठराव, अधिकृत सहीदाराचा पॅन व आधार एवढी कागदपत्रे लागली. अर्ज दोनदा परत आला.

पहिल्यांदा नावामुळे. पॅनवर नाव पूर्ण, बँकेत ‘ट्रस्ट’ हा शब्द गळलेला. सेवा खात्यात ₹१ पाठवून बँकेतले नाव पॅनशी ताडते आणि ते जुळले नाही. बँकेत पॅनची प्रत देऊन खात्याचे नाव दुरुस्त करून घेतले. दुसऱ्यांदा सहीदारामुळे. नव्या अध्यक्षांचे नाव दिले होते, पण त्यांच्या नेमणुकीचा, विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित होता आणि परिशिष्ट १ च्या, म्हणजे त्या कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीच्या, उताऱ्यात नाव अजून जुनेच. निकालाची वाट पाहण्यात पितृपक्ष हातचा गेला असता. म्हणून ज्यांचे नाव उताऱ्यात आधीपासून आहे त्या खजिनदारांना सहीदार करणारा नवा ठराव केला.

शिवाय साइटवर संपर्क, गोपनीयता, अटी आणि रक्कम परतीचे धोरण ही चारही पाने असल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. देणगीला परतीचे धोरण कशाला, असे विश्वस्तांनी विचारले. कोणी ₹५,००० ऐवजी ₹५०,००० टाकतो, तेव्हा त्याचा उपयोग होतो. ठरलेली अट अशी: सात दिवसांत लेखी कळवल्यास रक्कम परत, पावती रद्द, १०बीई निघाल्यावर परत नाही. रक्कम परत केली तरी सेवेची फी सुटत नाही, ती न्यासाने सोसायची. खाते उघडताना ईमेल न्यासाचा दिला, साइट सांभाळणाऱ्या तरुणाचा नव्हे, आणि जमा होण्याचे बँक खाते बदलायला दोन विश्वस्तांची लेखी संमती ठेवली.

बांधणी आणि जे बिघडले

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पान सुरू झाले. रकाने असे: देणगीदाराचे नाव, मोबाइल, ईमेल, पत्ता पिनकोडसह, पॅन, हेतू, तिथी, स्मरणार्थ. नाव आणि पत्ता सर्वांना सक्तीचा. पॅन फक्त ८०जी हवे असलेल्यांना, कारण २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ धरली जाते आणि तिच्यात ८०जीची वजावट नाही. ज्याला प्रमाणपत्र नकोच त्याला पॅनसाठी अडवण्यात अर्थ नव्हता.

पहिल्याच आठवड्यात देणगीदारांच्या यादीत ‘कै.’ने सुरू होणारी नावे दिसू लागली. लोकांनी देणगीदाराच्या रकान्यात दिवंगत वडिलांचे नाव टाकले होते. रकान्याचे शीर्षक ‘पैसे देणाऱ्याचे नाव, पॅनवर आहे तसे, इंग्रजी अक्षरांत’ असे बदलले आणि स्मरणार्थचा रकाना मराठीत, त्याच्या लगेच खाली आणला. पॅनला पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर अशी तपासणी लावली. मुलगा पैसे देतो आणि पॅन आईचा टाकतो, हा प्रकार तपासणीत सापडत नाही. पावती पैसे देणाऱ्याच्याच नावे, हे वाक्य पानावर ठळक लिहिले.

पावतीच्या पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरे फुटत होती. अनेक साध्या पीडीएफ लायब्रऱ्या देवनागरी नीट जुळवत नाहीत. ‘स्मरणार्थ’ शब्द तुटलेला दिसणे या पावतीवर तरी परवडणारे नव्हते. पावती आधी वेबपान म्हणून बनवून ब्राउझर इंजिनातून पीडीएफ काढल्यावर अक्षरे जुळली.

खरा दोष मात्र वेगळाच होता. आधीच्या बांधणीत पावती ‘धन्यवाद’ पान उघडल्यावर निघत असे. यूपीआय ॲपमध्ये पिन टाकल्यावर बरेच जण ब्राउझरकडे परत येतच नाहीत, मग पैसे जमा आणि पावती नाही. पावती वेबहुकवर टाकली, म्हणजे सेवेच्या सर्व्हरने न्यासाच्या सर्व्हरला ‘रक्कम मिळाली’ असे थेट कळवल्यावर ती निघते. त्या संदेशाची सही तपासायची, आणि एकच संदेश दोनदा येऊ शकतो म्हणून पेमेंट क्रमांक आधी नोंदला आहे का ते पाहायचे. हे दुसरे सुरुवातीला राहून गेले होते, त्यामुळे काही जणांना एकाच देणगीच्या दोन क्रमांकांच्या पावत्या गेल्या. जास्तीच्या पावत्या रद्द करून नोंदवहीत कारण लिहिले.

हिशेब आणि मार्चअखेर

सेवा दिवसभराच्या देणग्या एकत्र करून, फी वजा करून, दोन कामकाजी दिवसांनी एकच रक्कम पाठवते. हिशेबनिसांनी सुरुवातीला बँकेत आलेली रक्कमच देणगी म्हणून लिहिली. पावत्यांची बेरीज आणि खतावणी यांत फरक पडला तो त्यामुळे. ₹१,००० कार्डाने आले तर देणगी ₹१,०००, फी ₹२३.६० हा खर्च आणि बँक ₹९७६.४०, अशा तीन नोंदी हव्यात. दर सोमवारी सेवेचा सेटलमेंट अहवाल उतरवून त्यातला यूटीआर क्रमांक (बँकेच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) बँक उताऱ्याशी जुळवायचा, हा नेम लागल्यावर फरक थांबला.

मार्च २०२४ ने कसोटी पाहिली. २९ तारखेला गुड फ्रायडे, ३१ ला रविवार आणि १ एप्रिलला बँकांची वार्षिक हिशेबबंदी. महिन्याच्या शेवटच्या दिवसांत दिलेल्या देणग्या बँकेत एप्रिलमध्ये पोहोचल्या. पावतीवर देणगीदाराने पैसे दिल्याची तारीख, १०बीडीत तेच आर्थिक वर्ष आणि ताळेबंदात ‘पेमेंट सेवेकडून येणे’, अशी वाट सीएंनी घालून दिली. बँकेत जमा झाल्याची तारीख धरली असती तर देणगीदाराची वजावट एक वर्ष पुढे गेली असती.

निष्पत्ती

मे २०२४ मध्ये पानावरून आलेल्या देणग्यांचे १०बीडी सेवेच्या यादीवरून थेट तयार झाले. फोन करावे लागले ते फक्त जुन्या क्यूआरवर आलेल्या जमांसाठी. पितृपक्षात पानावर पैसे आले, पण वयस्कर देणगीदारांपैकी बरेच जण पान उघडून पुन्हा कार्यालयातच आले. त्यांच्यासाठी कार्यालयातल्या संगणकावर तेच पान भरून पडद्यावरचा क्यूआर दाखवण्याची पद्धत पडली. कागदी पावतीपुस्तक रोखीपुरते राहिले, तेही ₹२,००० पेक्षा जास्त रोखीवर ८०जी मिळत नाही हे सांगून.

वेगळे काय करता आले असते

बदल अर्ज आणि बँकेतले नाव यांची तपासणी सेवा निवडण्याआधी व्हायला हवी होती. सेवा कोणतीही घेतली असती तरी ती दोन कामे टळणार नव्हती, आणि तीच सर्वांत वेळखाऊ ठरली. पान सुरू करण्यापूर्वी पाच-सहा देणगीदारांकडून प्रत्येकी ₹१० भरून घेतले असते तर ‘कै.’चा घोळ आणि दुहेरी पावत्या दोन्ही आधीच दिसल्या असत्या. चाचणी फक्त सेवेच्या चाचणी-खात्यात झाली होती आणि तिथे कोणी ब्राउझर मध्येच बंद करत नाही.

भिंतीवरचा जुना क्यूआर त्याच दिवशी उतरवायला हवा होता. तो राहिला, कारण ‘तेवढाच बिनफीचा’ असा युक्तिवाद होता. फी वाचली, पण बेनाव जमांचा तोच खड्डा वर्षभर उघडा राहिला. आता त्या जागी जो फलक आहे त्याचा क्यूआर थेट पैसे घेत नाही, देणगीचे पान उघडतो. जुन्या क्यूआरचे फोटो काही कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत अजून फिरतात, म्हणून ते खाते बंद केलेले नाही. त्यावर आलेल्या प्रत्येक जमेचा शोध हिशेबनीस त्याच आठवड्यात घेतात, मे महिन्यावर टाकत नाहीत.